बारीक नळी, अर्धा कप

आमच्या दुकानातून कपाट बाहेर पडायच्या आधी एक रीत पाळली जाते. लोखंडी कपाटाच्या एका दाराला आरसा असतो, तो काय, कोणीही बसवतो. माझी बायको त्या आरशासमोर उभी राहत नाही. ती दुसऱ्या दारासमोर, नुसत्या रंगासमोर उभी राहते आणि त्यात बघून कपाळावरचं कुंकू नीट करते. कुंकू जागेवर बसलं की कपाट पास. मग ते टेम्पोत चढवायचं आणि वर गोधडी टाकायची.

ही रीत मीच पाडली, फुशारकीपोटी. चाळीसगावात कपाटं करणारे पुष्कळ आहेत. पत्रा सगळ्यांचा सारखा, बिजागऱ्या सारख्या, कुलपंही एकाच बाजारातली. फरक पडतो तो रंगात. स्प्रे गन हातात धरून पत्र्यापासून वीतभर अंतर राखायचं आणि हात एका चालीत न्यायचा. मध्ये थबकला की ओघळ आला, घाई केली की रंग उपाशी राहिला. गिऱ्हाईक कटकट करायला लागलं की मी म्हणायचो, "आमच्या कपाटात आरसे दोन असतात. एकाचे पैसे घेतो, दुसरा फुकट." माणसाने इतकं बोलू नये, हे मला आता कळतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि समोरच्या माडीवर अभ्यासिका सुरू झाली. स्पर्धा परीक्षा देणारी पोरं-पोरी तिथे दिवसभर माना खाली घालून बसायची. माझा कॉम्प्रेसर दुकानाच्या तोंडाशीच होता. तो सुरू झाला की समोरच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. पोरं भांडायला आली असती तर मी दोन हात केले असते. पण ती हात जोडून आली. "काका, काही करता येईल का?" म्हणाली. हात जोडणाऱ्यापुढे माझं काही चालत नाही. मी कॉम्प्रेसर उचलला आणि घरामागे, मोरीच्या पलीकडे नेऊन ठेवला.

आता मागच्या अंगणातून पुढच्या दुकानापर्यंत हवा आणायची कशी? जुनी रबरी नळी चांगली जाड होती, पण आखूड. नवी आणायला जळगावला जायला हवं. तेवढ्यात यावलहून माझा मेहुणा आला. त्याची केळीची बाग आहे. फवारणीच्या पंपाची पिवळी नळी, अख्खं भेंडोळं, त्याच्याकडे पडून होतं. ते त्याने आणून दिलं. वर सांगितलं, "दाजी, वापरा, पण कापू नका. फवारणीला लागली तर मागेन."

आता उसनी आलेली वस्तू कापायची कशी? आमच्यात कोणी कापणार नाही. मी कापायचा विचार नुसता बोलून दाखवला, तर बायको म्हणाली, "मना भाऊनी नळी शे, कापानी नही." मग जेवढी लागत होती तेवढी घरातून ओढून घेतली आणि उरलेली, म्हणजे अर्ध्याहून जास्तच, मागच्या भिंतीवर खिळ्याला वेटोळं करून टांगली. हवा आपली त्या सगळ्या वेटोळ्यातून फिरून फिरून पुढे यायची.

नळी बारीक होती. मेहुण्याने तसं बोलून दाखवलं, तर मीच त्याला शहाणपण शिकवलं. "अरे, बारीक तर चांगलीच. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार कशी लांब जाते? तसंच हे. बारीक नळी, जास्त जोर." त्याने मान डोलावली. मेहुणाच तो, दाजीसमोर काय बोलणार?

पहिलंच कपाट बिघडलं. रंग सपाट बसेना. संत्र्याच्या सालीवर असतात तशी बारीक बारीक टिंबं पत्राभर उठली. मी थिनरला शिव्या घातल्या. दुसऱ्या दुकानातून थिनर आणलं, तरी तेच. मग रंगवाल्याशी भांडलो. मग म्हटलं, हवा दमट आहे. मग बायकोवर घसरलो, की तू पॉलिश पेपर नीट मारत नाहीस. ती परत पेपर मारायला बसली. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात ना, तसं माझं झालं होतं. फक्त मला नाचता येत होतं, आणि अंगण खरंच वाकडं होतं, हे मला कळायला फार उशीर झाला.

हवा कमी पडत असेल अशी शंका मला आली नाही असं नाही. मागे जाऊन टाकीवरचा काटा बघायचो. काटा पूर्ण वर. म्हणजे हवा भरपूर. मग राहिलं काय? माझा हात. आमच्या धंद्यात पन्नाशीनंतर हात जातो, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत बोललेलो आहे, आणि हसत बोललेलो आहे. आता मी अंघोळीला गेलो की दार लावून हात समोर धरायचो आणि बोटांकडे बघत बसायचो. बोटं हलायची नाहीत. पण बघणाऱ्याला भीती वाटली की न हलणारंही हललेलं दिसतं.

त्यात पोरीचं लग्न ठरलं. स्थळ धुळ्याचं, माणसं चांगली. आंदणात कपाट द्यायचं हे काही कोणाला सांगायची गरज नव्हती. कपाटवाल्याची पोर. मी तीनदा रंग खरवडला आणि तीनदा मारला. दुसऱ्या कोणाकडून रंगवून घे, असं बायको एकदा हळूच म्हणाली. मी तिच्याकडे असं बघितलं की पुन्हा तो विषय निघाला नाही. पोरीच्या कपाटावर दुसऱ्याची गन फिरवायची? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मला तेव्हा वाटत होतं.

मांडवात आंदण मांडलं. भांडी, पलंग, गादी, आणि मधोमध ते कपाट, चॉकलेटी रंगाचं. उन्हात प्रत्येक टिंब दिसत होतं. आमच्या धंद्यातले दोघे-तिघे आले होते, त्यांनी दारावरून हात फिरवला आणि एकमेकांकडे न बघता जेवायला गेले. मग बायको आली. चार माणसं बघत होती, आणि आमची रीत सगळ्यांना ठाऊक. ती रंगाच्या दारासमोर उभी राहिली, काही दिसत असल्यासारखी वाकली आणि कुंकू नीट केलं. नीट कसलं, वाकडं केलं. डाव्या भुवईकडे सरकलं ते तसंच राहिलं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत ते तसंच आहे. अल्बम काढला की मी ती पानं भराभर उलटतो.

लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी मी पोरीला भेटायला धुळ्याला गेलो. विहीणबाईंनी प्रेमाने बसवलं. व्याही शेजारी बसले. सज्जन माणूस, पण त्यांचा हात कापतो. दोन वर्षांपासून त्यांना कंपवाताचा आजार आहे. पोरीने चहा आणला तेव्हा सवयीने माझा कप भरलेला होता आणि त्यांचा अर्धा. विहीणबाई म्हणाल्या, भरलेला दिला की सांडतो, मग त्यांना वाईट वाटतं, म्हणून अर्धाच देतो, लागला तर परत. व्याह्यांनी दोन्ही हातांनी कप धरला, कोपर पोटाशी टेकवलं आणि मान खाली करून घोट घेतला. माझा कप तसाच ठेवून मी दुसरीकडे बघितलं.

दुसरीकडे ते कपाट होतं. त्यावर वरपासून खालपर्यंत फुलाफुलांची चादर टाकली होती. पोर म्हणाली, "रस्त्याची धूळ फार येते, नाना." झाकली मूठ सव्वा लाखाची. जाताना विहीणबाई दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तब्येत सांभाळा. कामाचं काय एवढं." त्यांच्या बोलण्यात इतकी माया होती की मला जास्तच लागलं. मला वाटलं, कपाट बघून बाई मला म्हातारा समजतात. मी तिथेच बोलून गेलो, "पुढच्या रविवारी येतो आणि कपाट परत रंगवून देतो. असं रंगवीन की बघत राहाल."

त्या आठवड्यात पोरीचे फोन आले. "नाना, नका ना येऊ. चांगलं आहे ते. चादर काढून टाकते मी." मला वाटलं, बाप दमेल म्हणून म्हणते. मी ऐकायला तयारच नव्हतो.

रविवारी टेम्पोत कॉम्प्रेसर चढवला, दांड्याला पिवळं भेंडोळं बांधलं, आणि सामानाच्या गोणीत ती जुनी जाड रबरी नळीही टाकली, टेम्पोच्या चाकात हवा भरायला लागली तर असावी म्हणून. धुळ्याला त्यांच्या अंगणात कपाट बाहेर काढलं. जुना रंग घासून काढण्यात सकाळ गेली. अंगण लहान. कॉम्प्रेसर आणि कपाट यांच्यात चार पावलांचं अंतर. एवढ्याशासाठी ते भेंडोळं कोण सोडत बसणार? मी गोणीतली आखूड नळी जोडली.

गनचा घोडा दाबला आणि आवाजच वेगळा आला. इतके दिवस ती दमेकऱ्यासारखी फुसफुसायची. आता भरल्या छातीचा आवाज. रंग धुक्यासारखा सुटला आणि पत्र्यावर सायीसारखा बसला. मी एक पट्टा मारला, दुसरा मारला आणि थांबलो. टिंब नाही. एकही नाही. दारात माझं तोंड दिसत होतं, भुवयांच्या केसांसकट.

मला सगळं एकदम कळलं, आणि लाज वाटली ती अशी की, हे मला आधीपासून ठाऊक होतं. केळीच्या बागेत ठिबकची नळी फार लांब ओढली तर शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, घड पोसत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पंपाजवळचा काटा बघून शेवटच्या झाडाचं काही कळत नाही. माझी गन त्या नळीचं शेवटचं झाड होती. घोडा दाबला नसेल तोवर काटा पूर्ण दाखवणारच. दाबला की हवा त्या बारीक लांब नळीत घासत घासत येणार आणि तोंडाशी पोचेपर्यंत अर्धी होणार. अंगठा धरून धार लांब जाते, पण बादली भरायला वेळ लागतो, हे मी मेहुण्याला सांगितलंच नव्हतं. गनला नुसती धार नको होती, तिला बादली हवी होती.

पण त्या क्षणी लाजेपेक्षा आनंद मोठा होता. माझा हात गेला नव्हता. मी आरशाच्या दाराची चौकट, दोन्ही बाजू आणि रंगाच्या दाराचा वरचा खण, म्हणजे वरचा अर्धा पत्रा, करून टाकला. खालचा खण तेवढा राहिला. डोळ्यांत पाणी आलं ते थिनरमुळे आलं असं समजून पुसलं.

विहीणबाई बाहेर आल्या. त्यांनी कपाटाच्या रंगात बघितलं, पदर सारखा केला आणि हसल्या. मग वळून म्हणाल्या, "भाऊ, हात ते बरा व्हयी गया तुमना. कोणता डाक्टर शे? यासले बी लई जासू."

मला आधी समजेना. माझा हात बरा झाला म्हणजे काय, आणि व्याह्यांना न्यायला कसला डॉक्टर? मी म्हणालो, "नाही हो, हाताला काय..." आणि घराच्या दाराकडे बघितलं. पोर चौकटीला धरून उभी होती. तिचं तोंड उतरलेलं होतं. तिने फक्त मान हलवली, दिसेल न दिसेल इतकी.

विहीणबाई सांगत होत्या. सून आल्या आल्या गल्लीतल्या बायका कपाट बघून हसल्या होत्या. कपाटवाल्याची पोर आणि हे असं कपाट? तेव्हा सून रडली आणि म्हणाली, माझ्या वडिलांचा हात थरथरतो, इथल्या पप्पांसारखाच, तरी त्यांनी हट्टाने स्वतः रंगवलं. मग विहीणबाईंनी गल्लीतल्या एकेकीला गाठून सुनावलं होतं. "दुखण्याला हसता का," म्हणून. आणि आता त्या माझ्याकडे आशेने बघत होत्या. व्याहीही बाहेर येऊन खुर्चीवर बसले होते. तेही बघत होते, माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हाताकडे.

नळीचं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर माझं नाव धुऊन निघालं असतं. पण पोरीने सासरी येऊन पहिलीच गोष्ट सांगितली ती खोटी, आणि तीही सासऱ्याच्या आजाराची नक्कल करून, हे त्या अंगणात उघडं पडलं असतं. तिला तिथे जन्म काढायचा आहे. बरं, औषधाने बरा झालो म्हणावं, तर हे लोक उद्याच गाडी करून त्या नसलेल्या डॉक्टरकडे निघाले असते. व्याह्यांच्या डोळ्यांत जे दिसत होतं, त्याला खोटं खाद्य घालायची माझी हिंमत झाली नाही.

मी म्हणालो, "डॉक्टर कसला, ताई. कधी कधी चार घटका थांबतो. परत सुरू होतो."

"परत?" त्यांनी विचारलं.

"हो. आत्ताच सुरू होईल असं वाटतंय," मी म्हणालो.

मी गन खाली ठेवली. टेम्पोतून पिवळं भेंडोळं काढलं आणि जोडलं. कोणी विचारलं नाही, तरी सांगितलं की ती जाड नळी आखूड पडते. मग रंगाच्या दाराच्या खालच्या खणासमोर बसलो. व्याह्यांकडे एकदा बघून घेतलं. कोपर पोटाशी कसं टेकवतात, मनगट कसं आत वळतं, अंगठा कसा बोटांवर घासत राहतो. माणसाच्या दुखण्याकडे मी शिकाऱ्यासारखा बघत होतो. मग मी तसाच हात हलवला आणि घोडा दाबला. गन फुसफुसली. टिंबं उठली. एका जागी थबकलो तेव्हा ओघळही आला, लांबलचक. आयुष्यभर जे होऊ नये म्हणून धडपडलो, ते मुद्दाम करताना हात इतका सराईत निघाला की माझी मलाच किळस आली.

विहीणबाईंनी पुढे येऊन माझ्या खांद्याला हात लावला. "राहू द्या भाऊ. एवढं पुष्कळ झालं." व्याही खुर्चीतून उठले. ते फार बोलत नाहीत. माझा गन धरलेला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे हात खरे कापत होते. माझा मी कापवत होतो. त्यांना फरक कळला की नाही, मला ठाऊक नाही. मी वर बघितलंच नाही.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोरीला काही बोलू नका." मी काय बोलणार होतो? तिने माझी लाज झाकायला खोटं सांगितलं होतं, चादर टाकली होती, फोन केले होते. पिवळं भेंडोळं मी यावलला पोचतं केलं. मागच्या अंगणापासून दुकानापर्यंत जाड लोखंडी पाइप टाकला आणि टोकाला आखूड, जाड नळी बसवली. समोरची पोरं अभ्यास करतात, माझी गन छाती भरून चालते. बायको परत कपाटासमोर उभी राहून कुंकू लावते, ते जागेवर बसतं. नवं गिऱ्हाईक आलं तर दोन आरशांची गोष्ट मात्र मी आता सांगत नाही.

धुळ्याच्या कपाटाचा वरचा खण लखलखतो. पोर त्यात बघून टिकली लावते. खालच्या खणापुढे तिने शिलाई मशीन ठेवलंय.

सणावाराला आम्ही जातो. उंबऱ्यात चपला काढतानाच माझा उजवा हात हलायला लागतो. आता तो मला हलवावाही लागत नाही, आपला आपण सुरू होतो. व्याही शेजारी जागा करून देतात. त्यांना माझी सोबत झाली आहे, असं विहीणबाई सांगतात. तुम्ही आलात की दोन दिवस चांगले जातात म्हणतात. मग आतून पोर ट्रे घेऊन येते. तिच्या सासूचा कप भरलेला, तिच्या आईचा भरलेला. आमचे दोघांचे अर्धे. ती माझा कप माझ्या हातात देते, माझ्याकडे न बघता, आणि मी तो दोन्ही हातांनी धरतो.